हौसा गाते, जोंधळा ऐकतो

एकदा काय झालं, एका गावात हौसा नावाची चौदा वर्षांची मुलगी राहायची. जोंधळा कणसावर आला की ती सकाळीच मचाणावर चढायची, गोफण फिरवायची आणि दिवसभर पाखरं हाकलायची. एकटीच, बरं का. खाली जोंधळा इतका उंच, की चांगला धिप्पाड माणूस आत शिरला तरी दिसायचा नाही.

एकटीला करमेना, म्हणून ती गायची. गाता गाता तिला वाटायला लागलं, आपलं गाणं कुणीतरी जाणत्या माणसानं ऐकावं आणि खरं काय ते सांगावं. गाणं आहे की नुसतीच ओरड आहे? आईला विचारलं, तर आई म्हणायची, "पाखरं उडतात ना, मग झालं." आता यावरून काय समजायचं, तुम्हीच सांगा. हौसाला तर तेवढं एकच हवं होतं. त्यासाठी ती झुरायची.

मग ती जत्रेत गेली. एका बैलगाडीवर उभी राहिली आणि मोठ्यानं गायली. पण शेजारी ढोल चाललेले, पिपाण्या वाजतायत, तिचं तिलाच ऐकू येईना. एका म्हातारीनं तेवढा तिच्या हातावर बत्तासा ठेवला, तोही गप्प बसावी म्हणून.

मग ती राजवाड्यावर गेली. राजाच्या पदरी केरोबुवा नावाचे म्हातारे गवई होते, त्यांना ऐकवावं म्हणून. पहारेकऱ्यानं विचारलं, कुणाची शिष्या? कुणाचीच नाही. चिठ्ठी कुणाची? तीही नाही. तेव्हा हौसानं तिथंच डोळे मिटले, दरबारातल्या बायका गाताना करतात म्हणे तसे हातवारे केले आणि नाकातून सूर काढला. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय? पहारेकरी पोट धरून हसला. हौसा बिचारी वाटभर रडत घरी आली.

मग तिसऱ्यांदा ती कुठं गेली? कुठंच नाही. मचाणावर बसली आणि तिला येत होतं तसं गायली. इतकी गायली, इतकी गायली, की गोफण फिरवायचीच विसरली.

आणि काय नवल! भोरड्या आल्या, राघू आले, साळुंक्या आल्या. थवेच्या थवे कणसांवर बसले. हौसा म्हणाली, आता गेलं वर्षाचं धान्य! धावत खाली उतरून बघते, तर एक दाणा कमी नाही. पाखरं आपली चोची उघड्या टाकून बसलेली. हौसाला वाटलं, आजारी तर नाहीत ना ही?

मग रोज असंच व्हायला लागलं. आठव्या दिवशी एक घोडेस्वार आला. म्हणाला, राजाच्या बागेत एकही पाखरू उरलेलं नाही. पाखरं ओरडल्याशिवाय राजाला जाग येत नाही, त्यामुळं राजा दुपारपर्यंत घोरतो आणि दरबार दिवेलागणीला भरतो. पाखरं कुठं गेली ते बघायला मला धाडलंय. असं म्हणून त्यानं घोडा बाभळीला बांधला आणि जोंधळ्यात शिरला, तो काही बाहेर आलाच नाही.

मग त्याला शोधायला पालखीतून प्रधानजी आले. तेही आत गेले, तेही गडप. मग एका तट्टावरून एक पांढऱ्या मिशांचे आजोबा आले, धोतराचा सोगा सावरत आत गेले. त्यांचाही पत्ता नाही.

हौसा मचाणावरून बघायची, घोडा आहे, पालखी आहे, तट्टू आहे, मग माणसं कुठं आहेत? आणि आणखी एक कोडं. पाखरं दाण्याला शिवत नव्हती, पण रोज पाच-दहा कणसं रिकामी दिसायची. हे कोण करतंय?

असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी खुद्द राजाच आला, जांभया देत. त्यानं जोंधळा दोन्ही हातांनी बाजूला सारला. बघतो तर काय, तिघंही फतकल मारून बसलेले, मान वर, आणि प्रधानजींच्या तोंडात कोवळा जोंधळा.

राजा म्हणाला, ही मुलगी आजपासून दरबारात गाणार, हिला मोत्यांचा हार द्या. हौसा मचाणावरून उतरली, पण हाराकडं बघेना. तिनं विचारलं, "महाराज, माझं गाणं चांगलं आहे का?"

राजा तसा सरळ माणूस. म्हणाला, मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, पण प्रधान वाड्यावरचं जेवण सोडून इथं बसलाय म्हणजे चांगलंच असणार. घोडेस्वार म्हणाला, फार गोड. प्रधानजी म्हणाले, फारच गोड. हौसाला वाईट वाटलं. गोड तर बत्तासाही असतो.

आता राहिले पांढऱ्या मिशांचे आजोबा. ते होते केरोबुवा. हौसानं त्यांच्याकडं बघितलं तसे ते म्हणाले, "स्वर खरा आहे पोरी. पण दुसऱ्या ओळीत तुझा श्वास तुटतो. चार दिवस मी रोज तिथं कान लावून बसतोय, आज तरी सांधशील म्हणून."

हौसा रडायलाच लागली. राजाला वाटलं, पोरीला लागलं बोलणं. तो बुवांवर डोळे वटारणार, तेवढ्यात हौसा म्हणाली, "महाराज, हार नको. मला हे बुवा द्या."

मग काय, सुगी होईपर्यंत केरोबुवा रोज गुडघे धरत मचाणावर चढले. राजानं आपला पलंग बाभळीखाली आणून टाकला. पाखरांनी त्याला रोज वेळेवर उठवलं. आणि खळं झालं त्या दिवशी हौसा दुसरी ओळ एका श्वासात गायली. बुवा नुसतं म्हणाले, "आता तिसरी."

मग सगळे सुखानं राहिले. जोंधळा घरात आला, पाखरं झाडांवर गेली. तुम्हीही आता पाय पोटाशी घ्या आणि निजा बघू.