पायाला पत्रा

“…म्हणजे ओतीव लोखंडाचं घ्यावं का अल्युमिनियमचं, एवढंच सांगा तात्या.”

तातोबा मिस्त्री आपल्या जुन्या कारखान्यात बसून कुऱ्हाडीचा दांडा काचेच्या तुकड्याने खरवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“काय घ्यायचं?”

“राऊटरचं टेबल. मघापास्नं तेच तर सांगतोय.”

महिपती सुतार हा त्यांचा जुना शिष्य. सगळ्या शिष्यांत हुशार, आणि ही गोष्ट सगळ्यांच्या आधी त्याला स्वतःला कळलेली. सल्ला विचारायला यायचा तो बहुधा आपलं ठरलेलं ऐकवायलाच. गुरूने मान डोलावली की गुरू शहाणा.

राऊटर म्हणजे भिंगरीसारखं फिरणारं पातं. लाकडाला खाच पाडतं, कड गोल करतं. ते टेबलाखाली उलटं बसवलं की पात्याचं टोक तेवढं वर येतं आणि लाकूड हाताने त्याच्यावर सरकवायचं. काम झकास होतं. मात्र लाकूड कुठे संपलं आणि बोट कुठे सुरू झालं, हे पात्याला कळत नाही.

“जुनं टेबल होतं की.”

“ते पलीकडं गेलं.”

“पलीकडं कुणाकडं?”

महिपती दांड्याकडे बघत राहिला.

“पलीकडच्याकडं.”

पलीकडचा म्हणजे त्याचा सख्खा धाकटा भाऊ, भैरू. दोघे तातोबांच्या हाताखाली एकत्र शिकले, एकाच ताटात जेवले. बाप गेला आणि बापाच्या रंध्यावरून बिनसलं. रंधा एक, पोरं दोन. शब्दाने शब्द वाढला. महिपतीने भैरोबाच्या पायरीवर हात ठेवून शपथ घेतली की त्याचं नाव पुन्हा माझ्या तोंडून निघणार नाही. ज्या देवाची शपथ घेतली त्याच्यावरूनच भावाचं नाव ठेवलेलं, तेव्हा देवाचंही नाव घ्यायची सोय राहिली नाही. परसातल्या कामाच्या शेडच्या मधोमध पत्रे ठोकले गेले. इकडे हा, तिकडे तो. मधे नुसता पत्रा.

“त्याच्यापेक्षा चांगलं पायजे व्हय?”

“तसं न्हाई…”

“ताकाला येऊन भांडं कशाला लपवतोस?”

महिपतीचे कान लाल झाले. पण तो गप्प बसणाऱ्यांतला नव्हता.

“चांगलं पायजेच. त्याच्या टेबलाचा माथा मधे दबलाय. ते टेबल आम्ही दोघांनी वापरलं, मला म्हाईत हाय.”

“दोघांनी कसं वापरलं?”

“कसं म्हंजे? लांब फळी असली की मी सरकवायचो. पलीकडचा धरायचा.”

“आता कोण धरणार?”

“रोलरचा स्टँड हाय तात्या. फळी आपोआप पुढं जाती.”

“दाबून कोण धरणार?”

“दाबपट्ट्या येत्यात. फळीला उसळू देत न्हाईत.”

“भुसा?”

“ओढणारं मशीन.”

महिपती आता रंगात आला होता. प्रत्येक प्रश्नाला त्याच्याजवळ वस्तू होती. भावाच्या एकेका कामाला त्याने एकेक यंत्र शोधून काढलं होतं, आणि त्याचा त्याला अभिमान वाटत होता. ऐकताना अंगावर काटा यावा अशी ती हुशारी होती.

“बसवणार कुठं?”

“पार त्या टोकाला. पत्र्यापास्नं लांब. पलीकडचा खोकला तरी ऐकू येतो हो. डोकं फिरतं.”

तातोबांनी दांडा बाजूला ठेवला. काचेचा तुकडा पुसून फडक्यात गुंडाळला.

“हाक कुणाला देणार?”

महिपती हसला. जुनी रीत त्याला आठवली.

तातोबांच्या कारखान्यात बटण दाबण्याआधी जवळ जो असेल त्याला नाव घेऊन हाक मारायची. त्याची ‘ओ’ आली तरच मशीन चालू. मशीन बंद झालं की पुन्हा हाक, पुन्हा ‘ओ’. नवी पोरं हसायची. हसणाऱ्याला तातोबा संध्याकाळपर्यंत पोत्यात भुसा भरायला लावायचे.

आणि त्या कारखान्याला दार नव्हतं. नुसती चौकट होती. दार तातोबांनीच काढून टाकलं होतं.

ते का, हे गावाला माहीत होतं. त्यांचा एकुलता मुलगा, निवृत्ती, दार आतून लावून एकटाच मशीनवर बसला होता. बाप मागच्या परसात लाकडं रचत होता. बराच वेळ पोर बाहेर आलं नाही. दार फोडलं तेव्हा फार उशीर झाला होता. हात मनगटापासून गेला होता आणि रक्त सगळं जमिनीवर. लोक म्हणत, बिचाऱ्याला हाक मारायलासुद्धा सवड मिळाली नाही. तातोबांनी हे कधी खोडून काढलं नाही.

“तात्या, आता पायाचा स्विच येतो,” महिपती म्हणाला. “हात गुंतले तरी पाय मोकळा. दाबला की झटक्यात बंद. हाक कशाला लागती?”

“असं?”

“मग!”

“इकडं ये.”

तातोबांनी त्याला जुन्या कामाच्या बाकापाशी उभं केलं. दोन्ही हात बाकाच्या फळीवर ठेवायला लावले. मशीनवर लाकूड सरकवताना ठेवावेत तसे त्याने ठेवले.

आणि म्हाताऱ्याने ते दोन्ही हात मनगटापाशी धरून बाकावर दाबले.

वय ऐंशीच्या घरातलं, पण सुताराचा पंजा. शिकंज्यात लाकूड बसावं तसे हात बसले. महिपतीने आधी गंमत म्हणून ओढून पाहिले, मग खरंच ओढले. हलेनात.

“हात गुंतले,” तातोबा म्हणाले. “आता?”

महिपतीने उजवा पाय जमिनीवर आपटला.

“बंद केलं.”

त्याच्या आवाजात विजय होता. तो हात सुटायची वाट बघत राहिला.

तातोबांनी हात सोडले नाहीत.

“मशीन बंद झालं. हात हितंच हाय. रगत चाललंय. आता?”

“…बायकोला हाक मारीन.”

“ती दिवसा कुठं असती?”

“अंगणवाडीत.”

“मग?”

“आई हाय घरात.”

“तिला ऐकू येतं?”

आईला ऐकू येईनासं होऊन बरीच वर्षं झाली होती.

“रगत चाललंय,” तातोबा पुन्हा म्हणाले. अगदी शांतपणे म्हणाले, पाणी तापलंय म्हणावं तसं. “हाक मार.”

“तात्या, सोडा.”

“हाक मार.”

महिपतीने तोंड उघडलं. त्या कारखान्यात, त्या बाकापाशी उभं राहून त्याने शिकताना रोज एकच नाव हाकारलं होतं. ते जिभेवर आलंही असेल. ओठ हलल्याचं दिसलं.

आणि त्याने दात आवळून घेतले.

सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, असली माणसं असतात. त्यांचा राग यावा की कीव, हे कळत नाही. मला तर त्यांची भीती वाटते.

तातोबा वाट बघत राहिले.

बाहेर कुणाची तरी सायकल गेली. चौकटीतून ऊन आत आलं होतं, ते त्या चार हातांवर पडलं होतं.

“माझ्या पोरानं बी मशीन बंद केलं होतं,” तातोबा म्हणाले.

महिपती दचकला. हे त्याने कधी ऐकलं नव्हतं.

“बंद केलं म्हणून तर मला वाटलं, काम झालं. त्याचा हात बटणापतोर पोचला. मग तोंडाला काय झालं होतं?”

“…सवड मिळाली नसंल, तात्या. समदी तसंच म्हणत्यात.”

“लई सवड होती. रगत दारापतोर आलं होतं. सरकत आलता तो दारापतोर. कडी काढता आली न्हाई एका हातानं. मी ह्या भिंतीच्या मागं. नुसतं ‘आबा’ म्हणाला असता…”

“मग का न्हाई म्हणाला?” महिपतीने विचारलं. त्याचा आवाज बारीक झाला होता.

तातोबांनी हळूहळू त्याचे हात सोडले. मनगटांवर बोटांचे वळ उठले होते.

“आमचं बोलणं बंद होतं,” ते म्हणाले. “आधी त्यानं बोलावं म्हणून मी थांबलो होतो.”

तातोबा पुन्हा आपल्या जागी जाऊन बसले. फडक्यातून काचेचा तुकडा काढला, दांडा मांडीवर घेतला आणि खरवडू लागले. पांढरे पातळ कपचे त्यांच्या धोतरावर पडत राहिले.

महिपती मनगटं चोळत उभा होता. जावंसं वाटत होतं, पाय निघत नव्हता. चौकटीपर्यंत गेला. परत आला. भावाकडे जातो असं त्याने एकदा म्हणावं, एवढीच इच्छा त्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर होती. आंधळ्यालाही दिसली असती.

महिपतीने घसा साफ केला.

“पण शपथ घेतलीया, तात्या. नाव काय घेता यायचं न्हाई.”

काच दांड्यावर फिरत राहिली.

“…मग टेबल कुठलं घेऊ?”

तातोबांचा हात थांबला. त्यांनी शिष्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग खाली, त्याच्या उजव्या पायाकडे पाहिलं.

“कुठलंबी घे,” ते म्हणाले. “पण पायाला मधला पत्रा लागंल, असं बसव.”