पासष्ट दाण्यांचं डाळिंब

निळ्या डोंगराच्या कुशीत, जिथे पायवाट संपते आणि फुलपाखरांची ये-जा सुरू होते, तिथे एक इवलंसं घर होतं. घर इवलंसं, पण माणसं मात्र आठ! एक आई आणि सात मुलं. बाबा दूरच्या बंदरावर गलबतं बांधायच्या कामाला होते, ते वर्षातून दोनदाच घरी येत.

सगळ्यांत मोठी रेवतीताई. मग मुकुंददादा. मग राघू आणि माघू ही जुळी भावंडं. मग आपली बकुळ, नऊ वर्षांची. मग चिमी, आणि सगळ्यांत शेवटी तीन वर्षांचा टिल्लू. टिल्लूला जगात एकच गोष्ट हवी असायची, ती म्हणजे हत्ती.

शाळा होती नदीपलीकडे, दोन डोंगर ओलांडून. म्हणून आईनं घरातच शाळा मांडली होती. चुलीतली राख चाळून जमिनीवर पसरली की झाली पाटी. जोंधळे पाखडता पाखडता पाढे, आणि दोरीवर कपडे वाळत घालता घालता कविता. आई रेवतीला शिकवायची, रेवती मुकुंदाला, मुकुंद जुळ्यांना. असं करत करत शिकलेलं खाली टिल्लूपर्यंत यायचं.

कपड्यांचंही तसंच. आईच्या जुन्या लुगड्याचा रेवतीला परकर व्हायचा. तोच पुढे बकुळला, बकुळचा चिमीला, आणि त्यातूनही काही उरलं तर टिल्लूला झबलं. झबलं फाटलं की त्याचं पोतेरं. त्या घरात दोडक्याच्या शिरांची चटणी होई, शिळ्या भाकरीचा कुस्करा होई, आणि साबणाच्या पातळ पातळ चिपा एकमेकींना चिकटवून त्यांची पुन्हा वडी होई. बकुळनं जन्मात कधी नवाकोरा परकर घातला नव्हता. तिला त्याचं वाईट वाटायचं का? वाटायचं. खोटं कशाला सांगू?

आणि घरात एक रीत होती. काहीही खायचं आलं, पेरू असो की गुळाचा खडा, की आधी त्याचा भागाकार. ज्याची पाळी असेल त्यानं आठ सारखे वाटे करायचे आणि स्वतःचा वाटा सगळ्यांत शेवटी उचलायचा. जे वाटून उरेल, ती बाकी. ती खिडकीत पाखरांसाठी ठेवायची.

"बाकीवर घरातल्या कुणाचा हक्क नसतो रे बाळांनो," आई म्हणायची.

सगळं कसं छान चाललं होतं. पण त्या वर्षी आईच्या डोळ्यांपुढे धुकं यायला लागलं. आधी सुईत दोरा ओवता येईना. मग पुस्तकातली अक्षरं दिसेनात. मग एक दिवस तिनं चिमीला माघू म्हणून हाक मारली, आणि सगळे हसले. आईसुद्धा हसली. पण बकुळ हसली नाही.

एका दुपारी बकुळ खिडकीखाली कपडे पिळत होती. आत आई रेवतीताईकडून पत्र लिहून घेत होती. ते पत्र आत्याला होतं.

"लिही. वन्सं, माझे डोळे आता साथ देत नाहीत. मुलांना शिकवणं, शिवणं, काहीच होत नाही. येत्या पौर्णिमेला या आणि दोघांना तुमच्याकडे घेऊन जा. दोघं माझ्या दादाकडे जातील, दोघं धाकट्या भावोजींकडे."

"आणि टिल्लू?" रेवतीताईचा आवाज ओला झाला होता.

"तो लहान आहे. तो राहील माझ्यापाशी. आणि हे बघ रेवा, इतरांना एवढ्यात सांगू नकोस."

बकुळच्या हातातला परकर तसाच राहिला. ती गुपचूप घरात गेली, कोपऱ्यातल्या राखेसमोर बसली आणि तिनं बोटानं गणित मांडलं. सात मुलं. तीन घरं. वाटे दोन-दोनचे. बाकी एक. तिनं पुन्हा मोजलं. गणित बरोबर होतं. आपलं गणित चुकावं असं बकुळला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

डोळे पुसत ती तांदळाच्या धुवणाचं भांडं घेऊन परसात गेली. परसाच्या टोकाला डाळिंबाचं एक वाळकं झुडूप होतं. "मेलंय ते, कशाला पाणी घालतेस?" असं मुकुंददादा रोज म्हणायचा, आणि बकुळ रोज उरलंसुरलं धुवण त्यालाच घालायची. आजही घातलं.

तर काय! त्या वाळक्या फांदीवर टचकन एक कळी आली. लालचुटूक, शेंदरी कळी! ती हळूच उमलली आणि तिच्या झालरीतून एक इवलीशी परी बाहेर आली. अंगठ्याएवढी परी. पंख पिवळसर, चकचकीत, आणि केसांत दवाचे चिमुकले थेंब.

"रडू नकोस, बकुळे," परी म्हणाली.

"तुला माझं नाव माहीत आहे?"

"माहीत नसायला काय झालं? तुमच्या खिडकीतली बाकी इतकी वर्षं कोण खातंय? कधी चिमणी होऊन येते, कधी मुंगी होऊन. परवाचा गुळाचा कण फार गोड होता हं." परी हसली. "माझं झाड तू जगवलंस. आता मी तुला काहीतरी देणार."

तिनं पंख हलवले. कळीच्या जागी एक डाळिंब लोंबायला लागलं, गुलाबी, सोनेरी, सांजेच्या ढगासारखं.

"याचे दाणे खाताना मनात एकच इच्छा धर. पण नियम ऐक. जितके दाणे, तितकीच इच्छा पुरी होईल. सगळे दाणे एकाच्या पोटात गेले, तर सगळी. सूर्य डोंगरामागे जायच्या आत खायचं. आणि इच्छा पुरी होईपर्यंत यातलं कुणाला एक अक्षरही सांगायचं नाही. सांगितलंस, तर दाण्यांचे नुसते खडे होतील."

क्षणभर, अगदी क्षणभर, बकुळच्या डोळ्यांपुढे नवाकोरा पोपटी परकर भिरभिरला. मग तिनं मान हलवली. तिला काय हवं होतं ते तिला पक्कं ठाऊक होतं.

आता तुम्ही म्हणाल, तिनं तिथेच झाडाखाली बसून डाळिंब खाऊन टाकायचं ना! मीही तेच म्हणते. पण एकटीनं, लपून, उभ्या उभ्या काही खायचं असतं हे बकुळला माहीतच नव्हतं. खायचं म्हणजे घरी जायचं, हातपाय धुवायचे आणि पाटावर बसायचं. तिचे पाय आपोआप घराकडे वळले. तिनं डाळिंब दाराजवळच्या टोपलीत ठेवलं आणि ती हातपाय धुवायला मागे गेली.

परत आली तेव्हा टोपली रिकामी होती.

आत मुकुंददादा आठ वाट्या मांडून बसला होता. आज वाटे करायची पाळी त्याची होती.

"बकुळे, कुठे मिळालं गं एवढं झकास डाळिंब?" तो खुशीत म्हणाला. "पासष्ट दाणे निघाले! आठांना आठ-आठ, बाकी एक. बाकी खिडकीत ठेवली बघ."

बकुळला ओरडावंसं वाटलं, पण ओरडून सांगणार काय? सांगायची तर सोय नव्हती. आणि दादाची तरी काय चूक? घरात आलेलं फळ त्यानं वाटलं होतं, रोजच्यासारखं.

सूर्य डोंगराच्या शेंडीवर टेकला होता.

"दादा, तुझा वाटा मला देशील?" बकुळ हळूच म्हणाली.

त्या घरात दुसऱ्याचा वाटा आजवर कुणी मागितला नव्हता. राघू-माघू तर तोंड उघडं टाकून बघत राहिले.

"तुझा वाटा आहे की तुला," मुकुंद म्हणाला. "आणखी कशाला हवा?"

"ते मला सांगता येत नाही."

"म्हणजे? सगळ्यांना सारखं, हे तुला माहीत नाही का?"

"माहीत आहे, दादा. तरी मागते आहे. सगळ्यांचाच मागते आहे."

पहिली उठली ती रेवतीताई. तिनं बकुळच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या राखेतल्या गणिताकडे पाहिलं, आणि काही न विचारता आपली वाटी बकुळच्या वाटीत ओतली.

राघूनं माघूकडे बघितलं, माघूनं राघूकडे. डाळिंब त्यांना वर्षातून एकदाच मिळायचं. "उद्या आमची भांडी तू घासशील?" राघूनं विचारलं. बकुळनं मान हलवली. मग माघूच लाजला. "नको गं, राहू दे. घे." दोन वाट्या आल्या.

मुकुंद अजून विचारात होता. शेवटी त्यानं वाटी पुढे सरकवली. "नऊ वर्षांत तू एकदाही काही मागितलेलं नाहीस. म्हणजे यात काहीतरी असणार."

चिमीनं वाटी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. "बकुळताई, मला परत देशील?"

"नाही गं चिमे. परत नाही देता येणार."

चिमीचे डोळे डबडबले. एक-एक करत आठ दाणे तिनं मोजले आणि आठही बकुळच्या वाटीत टाकले. मग ती पळत जाऊन दाराआड रडली. बकुळलाही रडू येत होतं, पण आता वेळ नव्हता.

"टिल्लू, तुझे दाणे?"

टिल्लूनं आपली लाललाल जीभ बाहेर काढून दाखवली. वाटी चाटूनपुसून स्वच्छ! आणि त्याच्या मांडीवर, विश्वास ठेवा नाहीतर नका ठेवू, मांजराच्या पिल्लाएवढा एक हत्ती बसला होता. इवलीशी सोंड, सुपाऱ्यांएवढे पाय, आणि कान मात्र भलेमोठे. आठ दाण्यांत तेवढाच हत्ती येणार ना!

सगळे हत्तीकडे धावले. बकुळ मात्र आईकडे धावली. आई अंगणात चाचपडत कपडे गोळा करत होती.

"आई, तुझा वाटा मला देतेस?"

"घे की गं. विचारायचं काय त्यात?" आई म्हणाली. आपला वाटा ती तसाही कधी स्वतः खात नसे.

बकुळ आत आली आणि पाटावर बसली. डोंगरामागे आता सूर्याची नखाएवढी कड उरली होती. सात वाट्यांचे छप्पन्न दाणे तिनं खाल्ले. 'माझ्या आईचे डोळे पहिल्यासारखे होऊ देत,' हेच ती मनात घोकत राहिली. शेवटचा दाणा गिळला आणि सूर्य मावळला.

अंगणातून आईची हाक आली. "बकुळे! जरा इकडे ये बघू."

बकुळ गेली. आई तिच्याकडे एकटक बघत होती.

"तुझा परकर किती विरलाय गं! आणि हे एवढं मोठं ठिगळ! मला कुणी सांगितलं कसं नाही?"

"तुला दिसतंय, आई?"

आईनं डोळे चोळले. तिनं दोरीवरचे कपडे पाहिले, मग सातही मुलांची तोंडं एक-एक करून पाहिली. बकुळनं सगळं सांगून टाकलं, मग काय विचारता! रडणं, हसणं, एकमेकांच्या अंगावर पडणं, सगळं एकदमच. चिमीला तर आपण दाणे दिल्याचा इतका आनंद झाला की ती हत्तीलाही मिठी मारून आली.

खिडकीत काहीतरी लुकलुकलं. परी होती ती! एकटा उरलेला दाणा दोन्ही हातांत धरून ती बसली होती.

"सात वाटे पोचले, बकुळे," ती म्हणाली. "आठवा हत्ती होऊन बसला. तेव्हा आईला सगळं दिसेल, पण सुईचं नाक तेवढं दिसणार नाही. चालेल ना?"

"चालेल! दोरा आम्ही ओवून देऊ," सातही मुलं म्हणाली.

"मला वाटलंच होतं," परी म्हणाली. तिनं आपली बाकी खाल्ली, पंख पसरले, आणि सगळी खिडकी सोनेरी-गुलाबी प्रकाशानं भरून गेली. प्रकाश ओसरला तेव्हा खिडकीत कुणीच नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून पुन्हा घरातली शाळा भरली. परकर मात्र या वेळी रेवतीपासून सुरू झाला नाही. आईनं पेटीतलं पोपटी लुगडं काढलं आणि पहिला परकर बकुळसाठी बेतला. दोरा ओवायला सातांची पाळी लागली. टिल्लूच्या पाळीला फार वेळ लागतो, पण आई थांबते. हत्तीचं म्हणाल, तर तो तांदळाचं धुवण सोंडेत भरून डाळिंबाच्या झुडपाला घालतो आणि अधूनमधून स्वतःच पिऊन टाकतो.

पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी आई दिवा लावून आत आली आणि कोपऱ्यातल्या राखेपाशी थबकली. सात मुलं, तीन घरं, बाकी एक. अक्षर बकुळचं होतं. आईनं पदर खोचला, राखेवरून हात फिरवून ते गणित पुसलं, आणि बकुळला जवळ बसवून नवं मांडलं.

"सात मुलं," तिनं लिहिलं, "एक घर. कर बघू भागाकार."

बकुळनं बोटानं उत्तर लिहिलं. सात. आणि खाली, अगदी नीट, वळणदार अक्षरात: बाकी शून्य.