महाराजांना धर्माचा वकील मिळतो

म्हादूला चोर ठरवलं ते त्याच्याच वकिलाने.

म्हादू बैलबाजारातला दलाल. जन्माचा मुका आणि बहिरा, पण बैलाचा पारखी असा की दात न बघता वय ओळखायचा. एके दिवशी सरदार निंबाजीराव त्याच्या दावणीशी आले आणि म्हणाले, "हा ढवळ्या माझा. माझ्या गोठ्यातून चोरलाय." प्रकरण दरबारात गेलं.

सोनगिरीचे राजे गंभीरराव यांना न्यायाची भारी हौस. गरिबाला वकील परवडत नाही म्हणून त्यांनी दरबारात बारा वकील धर्मार्थ बसवले होते. बाराही एकाच आळीतले, एकाच पाठशाळेतले, जेवायलासुद्धा एकाच पंगतीला. त्यांतले थोरले विश्वंभरशास्त्री म्हादूसाठी उभे राहिले. अर्धा तास बोलले आणि शेवटी हात जोडून म्हणाले, "बिचारा मुका जीव. चूक झाली, दया व्हावी."

झालं! चोरी आपोआप कबूल. बैल सरदारांकडे गेला आणि म्हादूला पुनवेपासून गडावर दगड फोडायची शिक्षा झाली.

म्हादूची बहीण सगुणा बाजारात ताक विकायची. ती तडक दरबारात आली. "महाराज, माझ्या भावाला कुणी काही इचारलंच न्हाई."

"मुक्याला काय विचारायचं?" शास्त्रीबुवा म्हणाले.

"आणि वकील तर आम्ही फुकट दिला होता," राजे रागावले. "तोही राज्यातला सगळ्यांत मोठा. आणखी काय पाहिजे तुला? जा, आठ दिवसांत मुक्याला बोलतं करणारा वकील आण. आणलास तर म्हादू सुटेल. नाही आणलास तर तूही त्याच्याबरोबर गडावर."

दरबार हसला. "आणते," सगुणा म्हणाली. "फकस्त महाराजांनी बाजाराच्या दिवशी बैलबाजारात यावं. त्यो वकील तिथंच भेटतो."

राजे आले. घोड्यावरून आले, मागे शास्त्रीबुवा आणि सरदार. सरदारांनी तोच ढवळ्या गाडीला जुंपून मिरवत आणला होता. राजे उतरून इकडेतिकडे बघतात तोच एक म्हातारी ओरडत आली. महाराजांच्या घोड्याने तिच्या कडब्याची अख्खी पेंढी खाल्ली होती. घोडा कडब्याजवळ कुणी नेऊन बांधला, ते आपण विचारू नये.

"बाजारातलं भांडण बाजाराचा पंच मिटवतो, महाराज," सगुणा म्हणाली. "तुमास्नी धर्माचा वकील देते." आणि तिने म्हादूला पुढे केलं.

राजांना गंमत वाटली. ते हो म्हणाले.

बैलबाजाराचा रिवाज असा की सौदा तोंडाने करायचा नाही. दोघांनी उपरण्याखाली हात घालायचे आणि बोटांनी बोलायचं, म्हणजे आजूबाजूच्यांना पत्ता लागत नाही. इथले तंटेही तसेच मिटत. पंच आबा नाळे यांनी उपरणं पसरलं, म्हादूने हात घातला. उपरणं कितीतरी वेळ वळवळत होतं. आबांनी मान डोलावली, मध्येच हसले, मग हात बाहेर काढला.

"निकाल झाला," आबा म्हणाले. "घोडा म्हातारीपाशी ऱ्हाईल."

"काय?" राजे ओरडले. "माझा वकील बोलला तरी काय?"

"त्यो म्हनला, वाड्यावर घोड्याला पोटभर मिळत न्हाई, म्हणून बिचारा लोकांचं खातो. चूक झाली, दया व्हावी."

"अहो, सकाळीच त्याला हरभरा घातलाय! पेंढी कुणीतरी त्याच्या तोंडाशी ठेवली! मला कुणी विचारलं का?"

सगुणाने पदर सावरला. "महाराज, वकील तर फुकट दिला हुता. आणखी काय पायजे?"

शास्त्रीबुवा तणतणले. "मुक्याला बोलतं करायचं ठरलं होतं!"

"बोलला की! इतका बोलला की महाराजांचा घोडा गेला. दरबारात म्हादू मुका, हितं महाराज मुके."

राजांचा चेहरा लाल झाला, मग मिशा हलल्या, आणि मग ते पोट धरून हसत सुटले. हसणं ओसरल्यावर म्हणाले, "आबा, आता त्याला बैलाचं विचारा."

पुन्हा उपरणं वळवळलं. आबा म्हणाले, "बैल वासरू असल्यापास्नं म्हादूकडं हाय. एका शिंगाचं टोक तवाच फुटलंय. सरदारांच्या गड्यांनी आता दोन्ही शिंगांच्या टोकांवर पितळी शेंब्या चढवल्यात. कुठलं शिंग, ते त्यांनीच सांगावं म्हनतो."

सरदारांनी एकदा या शिंगाकडे पाहिलं, एकदा त्या. "उजवं," ते म्हणाले.

शेंब्या काढल्या. उजवं शिंग धड, डावं फुटकं! म्हादूने ढवळ्याच्या गळ्यात हात टाकले आणि तो रडला. दगड फोडायला सरदारांची रवानगी झाली.

"सगुणा, आजपासून तू दरबारात धर्माची वकील," राजे म्हणाले.

"एकली मी काय करू, महाराज? मला बोटांचं कळतं. नावाड्यांचं आन् धनगरांचं मला कुठं ठावं? त्यांच्यातलंबी एकेक बसवा."

"यांना शास्त्र कुठं येतं?" शास्त्रीबुवा कळवळले.

"तुम्हाला येतं ना?" राजे म्हणाले. "मग मांडीला मांडी लावून बसा. त्यांनी विचारायचं, तुम्ही मांडायचं. आणि पगार सगळ्यांना सारखा." मग ते सगुणाकडे वळले. "बरं, आता माझा घोडा?"

"निकाल झालाय, महाराज. दाद मागा की. वकील फुकट हाय."

राजे इतके हसले की पगडी हातात धरावी लागली. त्याच हसण्यात ते वाड्याची वाट पायी चालू लागले.