शंभर किलो आणि एक भोपळा

"आणि हे उचलतं किती?"

दस्तगीरचाचांनी पाण्याच्या घंगाळातल्या भोपळ्यावरची नजर न हलवता विचारलं.

हेमांगी चौगुले पुण्याहून निघाल्यापासून याच प्रश्नाची वाट बघत होती.

"शंभर किलो, चाचा."

"हे एवढंसं?"

"एवढंसंच." तिनं तळहात पुढं केला. तळहातावर करड्या धातूची एक डबी होती. करंगळीच्या दोन पेरांएवढी लांब, आणि बंद असताना पेन्सिलीएवढी जाड. "दुसऱ्या कंपन्यांची ऐंशीला थांबतात. आपलं शंभर."

'आपलं' म्हणताना तिचा आवाज जरा चढला. चढणारच. त्या डबीची पहिली रेघ तिनं मारली होती आणि शेवटचा स्क्रूही तिनंच बसवला होता. मध्ये तीन वर्षं गेली होती.

"करायचं काय याचं?"

"दोन मणक्यांमधली गादी झिजली की वरचा मणका खाली बसतो, शीर दबते, माणसाला चालवत नाही. डॉक्टर पाठीला लहानसं भोक पाडून झिजलेली गादी काढतात आणि तिथं ही डबी मिटलेली सरकवतात. मग बाहेरून मूठ फिरवायची. आत डबी उघडते. मणका वर!"

तिनं लांब दांड्याची मूठ डबीला लावून फिरवली. डबीचं झाकण सरळ वर आलं. मुठीवरचा काटा आठवरून तेरावर गेला. तेरा मिलिमीटर.

चाचांनी भोपळा पाण्यात उलटा केला.

बस्स. एवढंच.

मिरजेच्या त्या गल्लीत घरोघरी तंबोरे आणि सतारी बनतात. दस्तगीरचाचा त्यातले जुने कारागीर. हेमांगी शाळेत असताना सहा वर्षं रोज संध्याकाळी त्यांच्या कारखान्यात यायची. भोपळे खरवडायची, लाकूड घासायची, गप्प राहून बघायची. हातांनी विचार करायला ती इथं शिकली, असं ती पुण्यात सगळ्यांना सांगे.

पण त्या सहा वर्षांत चाचांच्या तोंडून एकदाही 'वा' निघाला नव्हता.

त्या घराची एक रीत होती. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर लाकडी तबली बसवून तो बंद करण्याआधी, आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवायची. चिठ्ठीवर बनवणाऱ्याचं नाव. मग तबली बसली की ते नाव कुणालाच दिसत नाही. आठवीत असताना हेमांगीनं विचारलं होतं, "चाचा, माझं नाव लावू?"

"अजून नाही," चाचा म्हणाले होते.

ते 'अजून नाही' ती पुण्याला घेऊन गेली होती.

"चाचा, सोमवारी याचा नकाशा पक्का होतोय. मग तो बदलता येत नाही. त्याच्या आधी एक विचारायला आले." तिनं पदर नसतानाही पदर सावरल्यासारखी ओढणी सावरली. "या यंत्राला तुमचं नाव द्यायचंय. दस्तगीर. खोक्यावर मोठ्या अक्षरात."

चाचांनी भोपळा पाण्यातून काढला. कापून तोंड मोकळं केलेला, दोन दिवस भिजलेला. त्याच्या तोंडावर त्यांनी एक पांढरा धागा या काठापासून त्या काठापर्यंत ताणला आणि काठावर येईल तिथं गाठ मारली.

"याचं तोंड थोडं रुंद व्हायला पाहिजे," ते म्हणाले. "तबली मोठी आहे. उघडून दे."

"मी?"

"तू कशाला? शंभर किलोवालं यंत्र आणलंयस की."

आतून चाचीचा हसण्याचा आवाज आला.

हेमांगीलाही हसू आलं. मणका उचलणाऱ्या यंत्राला भोपळा! पण तिनं बाह्या वर केल्या.

चाचांनी बांबूची कांब भोपळ्याच्या तोंडात आडवी धरली. ती बोटभर तोकडी कापलेली होती. कांबेचं एक टोक त्यांनी आतून भोपळ्याच्या समोरच्या भिंतीला टेकवलं. टेकवताना मध्ये भोपळ्याच्याच सालीचा एक वाकडा तुकडा सरकवला. जुनी सवय असेल, असं हेमांगीला वाटलं. दुसरं टोक आणि अलीकडची भिंत यांच्यामध्ये जागा राहिली, ती डबीची.

तिनं डबी बसवली. मूठ फिरवली.

नऊ... दहा... बारा.

"तेरा!" ती म्हणाली. "जोर पाव पण लागला नाही, चाचा."

चाचांनी तोच धागा पुन्हा काठावर ताणला.

गाठ जिथं होती तिथंच आली.

हेमांगीनं धागा स्वतःच्या हातात घेतला. ताणला. पुन्हा ताणला. मग बॅगेतून व्हर्नियर काढला आणि त्यानं मोजलं.

भोपळा तसूभरही उघडला नव्हता.

"काटा तर तेरावर आहे..." ती म्हणाली.

"काटा कुणाचा?"

"डबीचा."

"मग डबी उघडली असेल."

चाचांनी मूठ उलटी फिरवून डबी सोडवली. अलीकडच्या भिंतीत एक खड्डा पडला होता. डबीच्या झाकणाच्या आकाराचा, कडांवर बारीक दातांचे ठसे उमटलेला. पाच मिलिमीटर खोल. डबीनं भिंत ढकललीच नव्हती. ती भिंतीत शिरली होती.

हेमांगीचे कान तापले.

"हा भोपळा भिजलेला आहे, चाचा. मऊ आहे. हाड असं नसतं. आम्ही ठोकळ्यांवर चाचणी घेतलीय. हाडासारखेच ठोकळे मिळतात त्यासाठी."

"कुणाच्या हाडासारखे?"

"म्हणजे... चांगल्या हाडासारखे."

"चांगल्या."

"मऊ ठोकळेपण आहेत. ती चाचणी पुढच्या टप्प्यात ठेवलीय. आधी जोर सिद्ध करायचा होता. ऐंशीवाल्यांच्या पुढं जायचं म्हणजे..."



चाचांनी आत हाक मारली. "अगं, बाहेर ये जरा."

"चहा ठेवलाय. उतू जाईल."

"जाऊ दे. तू ये."

चाची आली. भिंतीला हात धरून, कमरेत वाकून. इतकी वाकून, की हेमांगीकडे बघायला तिला मान तिरकी करावी लागली. गेल्या थंडीत तिला एक शिंक आली होती. नुसती शिंक. त्या शिंकेनं पाठीचा एक मणका चेपला. तिचा एक्स-रे हेमांगीनंच पुण्याच्या डॉक्टरांना दाखवला होता. हाडं पार पोकळ झालीत, असं ते म्हणाले होते.

"काय गं, सहा वर्षं भोपळे खरवडलेस, आता माणसं खरवडतेस होय?" चाची म्हणाली. मग घंगाळाकडे आणि हेमांगीच्या चेहऱ्याकडे बघून तिनं नवऱ्याला विचारलं, "पोरीला काय बोललात?"

"काही नाही."

"मग मला कशाला बोलावलंत?"

"असंच. दिसावीस म्हणून."

"चाळीस वर्षांत आजच बरी दिसायला लागले!" चाची म्हणाली आणि भिंत धरत धरत चहाकडे परतली.

हेमांगी तिच्या पाठीकडे बघत राहिली.

...



चाचांनी दुसरी कांब घेतली. भोपळ्याची कापलेली टोपी बाजूला पडली होती. तिचे दोन रुंद तुकडे पाडले, कानशीनं घासून भिंतीच्या बाकासारखे बाक दिले. एक तुकडा या टोकाखाली ठेवला, दुसरा त्या टोकाखाली. मध्ये कांब.

हेमांगीनं कांबेला बोट लावलं. ती हलली.

"सैल आहे, चाचा."

"आहे."

त्यांनी लोट्यानं भिंतींवर पाणी सोडलं आणि मांडी घालून बसले. हेमांगीचा हात धरून भोपळ्याच्या बाहेरच्या अंगाला टेकवला.

"काय करू?"

"काही नको."

चहा आला. चहा संपला. शेजारच्या घरात कुणीतरी एकच तार लावत होतं. वर न्यायची, थांबायची, ऐकायची.

चाचांनी कांब काढून तिच्यापेक्षा तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढी जास्त लांब कांब लावली. मग पुन्हा बसणं. मग आणखी दाणाभर लांब.

चौथ्या कांबेला हेमांगीच्या तळव्याखाली काहीतरी झालं. आवाज नाही, धक्का नाही. झोपलेल्या माणसानं कूस बदलावी तशी भिंत किंचित बाहेर आली.

पाचवी कांब चाचांनी हातात घेतली, भोपळ्यावर दुसरा हात ठेवला, आणि कांब परत खाली ठेवली.

"का? अजून जागा आहे की."

"आज नाही देणार तो."

तिनं धागा ताणला. गाठ काठाच्या आत आली होती. व्हर्नियर लावला. दोन मिलिमीटर.

शंभर किलोनं शून्य. सैल कांबेनं दोन.

तिनं बॅगेतून नकाशाची गुंडाळी काढली आणि जमिनीवर पसरली. कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं '१०० किलो' लिहिलं होतं, खाली दोन रेघा मारून. किती तरी वेळ ती त्या आकड्याकडे बघत होती. मग फोन घेऊन दारात गेली.

"सर, सोमवारी नकाशा देत नाही मी... नाही, बिघाड नाही. चालतंय ते. फार चालतंय... तीन आठवडे."

पलीकडून मोठ्यानं बोललेलं आतपर्यंत ऐकू आलं. "अगं, सगळ्यांना सांगून बसलोय आम्ही शंभर! तुझं नाव आहे नकाशावर, कळतंय का तुला?"

"हो सर," हेमांगी म्हणाली. "म्हणून तर."

ती आत आली तेव्हा चाचा भोपळ्यावर ओलं फडकं टाकत होते. नावाचं काय, हे तिनं विचारलं नाही. त्यांनीही काढलं नाही.

...

तीन आठवडे म्हणाली होती, पाच लागले.

पाचव्या आठवड्यानंतर हेमांगी आली ती चप्पल काढून थेट घंगाळापाशी गेली. "चाचा, भिजलेला एखादा आहे?"

"आणि हे उचलतं किती?" चाचांनी विचारलं.

तिनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. एक मऊसा भोपळा निवडला, तोंडावर धागा ताणून गाठ मारली, कांब तोकडी कापली. समोरच्या टोकाखाली सालीचा तुकडा ठेवायला विसरली नाही.

मग डबी काढली. डबी बंद असताना आधीएवढीच होती. पण उघडायला लागली की तिच्या पोटातून दोन पातळ पंख दोन्ही बाजूंना पसरत. झाकणाला आता गोलवा होता आणि दात गेले होते. मुठीवर काटा नव्हताच.

ती मूठ फिरवत होती आणि दुसरा हात तिनं भोपळ्याच्या बाहेरच्या अंगाला लावला होता. तिचे डोळे मिटले होते.

एक फेरा... दोन... तिसरा पुरा होत आल्यावर मुठीतून 'टक्' असा आवाज आला आणि मूठ नुसतीच फिरायला लागली. डबी पुढं सरकेना.

"मोडलं?" दारातून चाचीनं विचारलं.

"नाही चाची. थांबलं."

"कुणी थांबवलं?"

"भोपळ्यानं."

हेमांगीनं धागा ताणला. गाठ काठाच्या आत आली होती, चांगली अडीच मिलिमीटर. डबी सोडवली. अलीकडच्या भिंतीवर पंखांचा ओलसर ठसा होता, बोट फिरवलं की पुसून जाईल एवढाच.

चाचांनी बोट फिरवलं. ठसा पुसला गेला.

ते उठले. आतल्या खोलीत गेले.

हेमांगी तशीच उभी होती. सहा वर्षं उभी राहायची तशी, हात मागं बांधून. पुण्यात तिच्या हाताखाली नऊ इंजिनिअर होते, आणि इथं ती निकालाची वाट बघणारी आठवीतली पोर झाली होती.

चाचा बाहेर आले. त्यांच्या एका हातात पाच आठवड्यांपूर्वीचा तो भोपळा होता, आता खणखणीत वाळलेला, तबली बसवायला तयार. दुसऱ्या हातात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. त्या डब्यात काय असतं ते हेमांगीला माहीत होतं.

त्यांनी एक कोरी चिठ्ठी काढली, पेन दिलं.

"लिही."

तिनं मन लावून लिहिलं: दस्तगीर.

चाचांनी वाचलं. चिठ्ठीची घडी केली आणि ती चुलीकडे टाकली. दुसरी चिठ्ठी पुढं केली.

"लिही."

हेमांगीनं वर बघितलं. चाचा चिठ्ठी चिकटवायचा सरस ढवळत होते.

या वेळी तिचं अक्षर वाकडं आलं. हेमांगी चौगुले.

"मोठी झाली गं," चाची भिंतीला बोलल्यासारखी बोलली आणि तिरक्या मानेनं हसली.

चाचांनी चिठ्ठीला सरस लावला. भोपळ्यात हात घातला आणि अंगठ्यानं ती दाबून बसवली. हेमांगीनं वाकून बघितलं. आतून सगळा भोपळा नितळ होता. फक्त एका जागी खड्डा होता. पाच मिलिमीटर खोल, कडांवर बारीक दातांचे ठसे. तिचं नाव बरोबर त्या खड्ड्यात बसलं होतं.

"चाचा, तिथं कशाला? दुसरीकडे एवढी चांगली जागा आहे..."

चाचांनी तबली उचलली, फुंकर मारून तिच्यावरचा भुसा उडवला आणि भोपळ्यावर ठेवली.

"गुळगुळीत जागी कागद धरत नाही, बेटा."