जहागीरदारांनीच सांगितलेलं पथ्य

जहागीरदार रंगोजीरावांच्या पोटातली पाणथरी, म्हणजे प्लीहा, सुजली होती, खाल्लेलं पचत नव्हतं, पण ताटातले लाडू काही सुटत नव्हते. "कमी जेवा" म्हणणाऱ्या वैद्याला त्यांनी गावाबाहेर हाकललं. जहागीरदारांना हुकूम करतो म्हणजे काय! मग बोलावणं आलं चिमाकाकू वैदिणीला. बरं करा, नाहीतर तुम्हीही गाव सोडा!

अख्खी आळी गढीच्या दारात लोटली. काकू म्हणाल्या, "सरकार, इथेच काढा उकळते."

त्यांनी चूल मांडली आणि मंद निखाऱ्यांवर जाडजूड लाकडं रचली. धूर झाला, तशी आणखी कोंबली. रंगोजीराव खोकून खोकून लालबुंद झाले.

"अहो काकू, डोकं ठिकाणावर आहे का? विस्तव गुदमरतोय! आधी ती लाकडं काढा! निखारा फुलू द्या, मग बारीक काटक्या घाला!"

काकूंनी हात जोडले. "ऐकलंत ना सगळ्यांनी? पोटातल्या अग्नीसाठी सरकारांचा हाच हुकूम! आज नुसतं सुंठेचं पाणी, भूक फुलली की मुगाचं कढण."

"आणि माझे लाडू?"

"सरकारांचा हुकूम सरकारच मोडणार होय?"

रंगोजीरावांनी सुंठेच्या पाण्याचा पेला तोंडाला लावला. लाडू मात्र आळीने संपवले!