साळोजीच्या पुस्तकातलं वळण

जनावरं लिहीतवाचीत होती त्या काळची गोष्ट. खारूताईच्या कानावर होल्यांचं बोलणं अर्धंच आलं, "कासवअण्णा आता साळोजीचं पुस्तक फाडून..." आणि होले उडाले.

खारूताई तडक शेजारी साळोजी साळिंदराच्या बिळाशी गेली. उन्हाळ्यात पिल्लांना झऱ्याची वाट सापडावी म्हणून त्यानं ते पुस्तक लिहिलं होतं. अकरा वेळा स्वतःच तपासून त्याचे डोळे सुजले, तेव्हा कुठे त्यानं ते परगावच्या कासवअण्णांना तपासायला दिलं. त्यांचा धंदाच तो.

अण्णा समोर बसले होते, अंगभर चिखल.

"पुस्तकात लिहिलंय तसा चाललो आणि दलदलीत रुतलो," ते म्हणाले.

"अहो, चिंचेपाशी डावीकडे वळायचं. एवढंही कळू नये?" साळोजी म्हणाला.

"लिहिलंय कुठं?"

साळोजीनं पान काढून वाचलं. वळण नव्हतंच.

"अकरा वेळा वाचलं हो मी," तो दमून म्हणाला.

"दर वेळी तुमचे पाय मनातल्या मनात आपसूक वळले. मला वाट ठाऊक नव्हती, म्हणून रुतलो. उद्या पिल्लं रुतली असती."

साळोजीनं ते पान फाडलं आणि थकल्या हातानं नवं लिहायला घेतलं.

खारूताईनं परत येऊन होल्यांना सांगितलं, "फाडलं हे खरं. पण एकच पान, आणि तेही साळोजीनंच."