बारमाही काम

दोरांना आपली गाठ आपणच सोडता यायची, त्या काळची गोष्ट. चिंचेची फांदी विहिरीवरच्या दोराला म्हणाली, "दोरबा, पंचमीपुरता झोका होशील? पुढचं मला सांगता येणार नाही."

कप्पी करकरली, "चार दिवसांच्या मजेसाठी बारमाही काम सोडतोस? परत आलास तर जागा मिळायची नाही."

दोर संतापला. "बारमाही तू आहेस, कप्पीताई. माझ्याआधीचा दोर तुझ्यावरच झिजून तुटला. त्याला बंबात जाळलं, तेव्हा तू साधी करकरलीही नाहीस."

त्याने घागरीची गाठ सोडली.

पंचमीला मुली झोक्यावर उभ्या राहून पानांना हात लावत होत्या. तिकडे कप्पी नव्या दोराला सांगत होती, "काळजी करू नकोस, काम बारमाही आहे."